गळ, भांग आणि उधाण : पुण्याहून बेटांवरच्या हौशी मासेमारीचे नियोजन

मासा पोटासाठी किंवा बाजारासाठी न पकडता, त्याच्याशी गळाने झुंजण्याच्या आनंदासाठी पकडणे आणि बहुतेक वेळा पुन्हा पाण्यात सोडून देणे, या छंदाला जगभर ‘स्पोर्ट फिशिंग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘हौशी मासेमारी’ हा शब्द वापरता येतो. कोकणात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे आणि गळाला ‘गरी’ म्हणतात, त्यामुळे ही कला मराठी माणसाला परकी नाही. मात्र उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर मुद्दाम या छंदासाठी सुट्टी काढून जाणे ही तुलनेने नवी गोष्ट आहे. इतर सहलींत आधी सुट्टी ठरते, मग ठिकाण ठरते आणि तेथे काय करायचे याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हौशी मासेमारीच्या सहलीत हा क्रम उलटा करावा लागतो: आधी मासा, मग तो ज्या पाण्यात राहतो ते पाणी, मग त्या पाण्याचा ऋतू आणि तिथी, आणि सर्वांत शेवटी रजेचा अर्ज. पुण्यासारख्या समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या शहरातून अशी सहल आखताना हा क्रम चुकला, तर उत्तम साधने आणि भरपूर खर्च करूनही माणूस रिकाम्या हाताने, किंवा किनाऱ्यावर बसून वारा मोजत, परत येतो.

पुण्याच्या नदीतला धडा

बेटांकडे वळण्यापूर्वी पुण्याच्याच नद्यांचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे, कारण हौशी मासेमारीचे फायदे-तोटे या शहराने जवळून पाहिले आहेत. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये महाशीर माशाच्या ज्या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, तिचा नमुना पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रातून घेतलेला होता. साइक्स यांची एक पद्धत लक्षणीय होती: माशांना लॅटिन नावे देताना ते स्थानिकांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलत, आणि म्हणून या महाशीराचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ असे आहे, ‘कोलस’, ‘फुलुंगी’, ‘मुसुल्ला’ ही त्यांनी दिलेली इतर नावेही अशीच मराठी बोलीतून आलेली आहेत. जागतिक मत्स्यशास्त्रात पुण्याच्या नदीकाठची बोली अशी टिकून राहिली, परंतु नदी टिकली नाही. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्यातील माशांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हापासून आजवर धरणे, सांडपाणी, वाळूउपसा आणि बाहेरून आणलेल्या माशांच्या जाती यांमुळे शहरातील पात्राचे स्वरूप पूर्ण बदलले, आणि देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी देवाचे म्हणून राखलेल्या माशांनाही इंद्रायणीच्या प्रदूषणाची झळ लागली.

महाशीर वाचवण्याचा मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यातच झाला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले. मादीची अंडी आणि नराचे रेत हाताने दाबून काढून त्यांचे फलन घडवायचे आणि वाढलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, देशभरच्या जलाशयांना द्यायची, अशी ही पद्धत होती. मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांचे या कामातील योगदान मोठे आहे. मात्र हीच दख्खनची जात दक्षिणेत कावेरी नदीत सोडली गेली आणि तिथे ती इतकी फोफावली, की कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडत गेला. ‘टॉर रेमादेवी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या माशाला २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले, तर त्याच वर्षीच्या फेरमूल्यांकनात पुण्याच्या खुद्रीचा दर्जा ‘सर्वांत कमी चिंतेची जात’ असा सुधारला.

हौशी मासेमारीच्या दृष्टीने या घटनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. कावेरीत नेमके काय घडले हे संशोधकांना कळले, ते मुख्यतः गळाने मासे पकडून सोडणाऱ्या हौशी लोकांच्या वह्यांवरून. गालीबोरे येथील तळावर १९९८ ते २०१२ या काळात कोणी, किती तास, कोणत्या रंगरूपाचा आणि किती वजनाचा मासा पकडला याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या, आणि त्या नोंदींतूनच एक जात वाढत असल्याचे आणि दुसरी नाहीशी होत असल्याचे चित्र स्पष्ट झाले. मासा सोडून देणे पुरेसे नसते, त्याची नोंदही ठेवावी लागते, हा धडा बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाने सामानासोबत बांधून घेण्यासारखा आहे.

बेटाची निवड

पुणेकरासाठी व्यवहार्य अशी तीन-चार बेटसमूहांची पाणी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. अंदमान ही म्यानमारच्या आराकान पर्वतरांगेची समुद्रात बुडालेली पुढची शिखरे आहेत. त्यामुळे किनाऱ्यालगत प्रवाळ खडक, त्यांच्यापुढे एकदम खोल जाणारा उतार आणि बेटांमधल्या अरुंद खाड्यांतून वाहणारे जोरकस प्रवाह, अशी मोठ्या शिकारी माशांना मानवणारी रचना तेथे आढळते. लक्षद्वीपची घडण याहून वेगळी आहे. ही बेटे म्हणजे प्रवाळांनी बांधलेली कंकणे असून त्यांना ‘ॲटॉल’ म्हणतात, आणि कंकणाच्या आतल्या उथळ, शांत पाण्याला ‘लगून’ म्हणतात. या ३६ बेटांची एकूण जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आहे, तर त्यांच्या लगूनांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. तेथील कोळी जिवंत छोट्या माशांचे आमिष समुद्रात फेकून आणि पाण्याचे फवारे उडवून कुप्याचे, म्हणजे ट्यूनाचे, थवे पृष्ठभागावर आणतात आणि एकेक मासा काठीने उचलून घेतात; जाळ्याविना चालणारी ही पद्धत जगातील सर्वांत कमी नासाडीच्या मासेमारीत गणली जाते. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि निवासाची सोय मोजकीच आहे, त्यामुळे तेथील बेत अधिक आधी आखावा लागतो.

परदेशी जायचे झाल्यास मालदीव आणि मॉरिशस हे दोन पर्याय सर्वपरिचित आहेत. मालदीवमध्ये २०१० पासून शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी आहे. मॉरिशसचा पश्चिम किनारा मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या महाकाय माशासाठी प्रसिद्ध असून, मोठ्या माशांच्या मागे जाणाऱ्या नौका ज्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातून सुटतात, त्याच जिल्ह्यातील कास्काव्हेल गावात एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची जुनी वस्ती आहे. मात्र तेथील मार्लिनचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा, म्हणजे नेमका दक्षिण हिंदी महासागरातील चक्रीवादळांच्या काळात येतो. या सर्वांचा विचार करता पहिल्या सहलीसाठी अंदमान हा पर्याय सर्वांत सोपा ठरतो: देशातच असल्याने पारपत्र आणि परकीय चलनाचा प्रश्न नाही, माशांची विविधता भरपूर आहे, आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कारावासामुळे पुण्यातून तेथे जाणाऱ्या पर्यटकांची वाट पूर्वीपासून मळलेली आहे. पुढील विवेचन म्हणून प्रामुख्याने अंदमानला धरून केले आहे.

पुण्याची सुट्टी आणि समुद्राचा हंगाम

पुण्यातील कुटुंबे प्रवासाला निघतात ती प्रामुख्याने दोन वेळा, दिवाळीत आणि मे महिन्यात. आणि अंदमानच्या मासेमारीसाठी नेमक्या याच दोन वेळा अयोग्य आहेत. नैऋत्य मोसमी वारे भारतीय भूमीला प्रथम स्पर्श करतात ते अंदमान-निकोबारलाच, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुण्यात वळवाच्या सरींची वाट पाहिली जात असते तेव्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे तयार होतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या बेटांभोवतीचा समुद्र खऱ्या अर्थाने निवळतो तो जानेवारीच्या मध्यापासून, आणि फेब्रुवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत शांत असतो.

याच्या जोडीला कायद्याचे वेळापत्रक आहे. माशांच्या विणीच्या काळात समुद्राला विश्रांती मिळावी म्हणून केंद्र सरकार दरवर्षी ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागू करते. पश्चिम किनारा आणि लक्षद्वीपसाठी ती १ जून ते ३१ जुलै असते, तर पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारसाठी १५ एप्रिल ते १४ जून असते. कोकणातल्या बंदीची सवय असलेला माणूस मे महिन्यात समुद्र खुला असेल असे गृहीत धरतो आणि अंदमानच्या बाबतीत फसतो. ठरवलेल्या नौकेला आणि पद्धतीला ही बंदी कशी लागू होते याची खात्री आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच स्थानिक मत्स्यव्यवसाय विभागाकडून करून घ्यावी.

हवामानाचा अंदाज घेण्याच्या कामी पुण्याचे नाते विशेष आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणूनच शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामानशास्त्राच्या अभ्यासाचे पुणे हे मोठे केंद्र राहिले आहे. खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांची उंची सांगणारा अंदाज, या दोन गोष्टी निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज पाहाव्यात. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळातून आलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा छोट्या नौकेला धोकादायक ठरतात, त्यामुळे केवळ पावसाचा अंदाज पाहून निर्णय घेणे पुरेसे नसते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली भरती

महिना ठरल्यावर तिथी ठरवावी लागते, आणि येथे मराठी घरातील दिनदर्शिका महागड्या उपकरणाइतकीच उपयोगी पडते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की, म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, भरती सर्वांत मोठी आणि ओहोटी सर्वांत खोल असते. याला ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ परस्परांना काटकोनात असल्याने भरती-ओहोटीतील फरक कमी होतो; त्याला कोकणात ‘भांग’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब प्रचलित आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते आणि तिथीही साधारण त्याच गतीने बदलते, हे या हिशेबामागचे कारण आहे. मात्र प्रत्येक बंदराचे अंतर वेगळे असते, त्यामुळे मुंबई-कोकणासाठी बसलेला हा ठोकताळा अंदमानात तसाच वापरता येत नाही. तेथे भरतीच्या वेळा स्थानिक तक्त्यावरूनच घ्याव्यात. उधाण आणि भांग यांच्या तिथी मात्र सगळीकडे सारख्याच राहतात, आणि नियोजनाला तेवढे पुरते.

शिकारी माशाच्या दृष्टीने भरती-ओहोटी म्हणजे जेवणाची वेळ असते. पाणी वाहू लागले की लहान मासे प्रवाहाबरोबर खडकांच्या कडेवरून ओढले जातात आणि मोठे मासे त्या कडेच्या आडोशाला दबा धरून बसतात. पाणी स्थिरावले की ही धामधूम थांबते. म्हणून पृष्ठभागावरच्या आमिषाने मोठे मासे उठवायचे असतील तर उधाणाचे दिवस पसंत केले जातात, आणि खोल पाण्यात धातूचे आमिष सरळ खाली सोडायचे असेल तर प्रवाह मंद असलेले भांगाचे दिवस सोयीचे पडतात. फेब्रुवारी-एप्रिलच्या हंगामात हे लक्षात ठेवणे मराठी माणसाला अवघड नाही, कारण महाशिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी, होळी पौर्णिमेला आणि गुढीपाडवा अमावास्येला लागून येतो. तिन्ही सण उधाणाचे आहेत, आणि रामनवमी भांगाची. सहा दिवसांची सहल उधाणाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करून भांगाकडे उतरत नेली, तर दोन्ही प्रकारची मासेमारी एकाच फेरीत साधते.

घड्याळाचाही एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. अंदमान पुण्याहून सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य पुण्याहून सव्वा तास आधी उगवतो, परंतु घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेवरच चालते. फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्यात सातच्या सुमारास सूर्य उगवतो, तर अंदमानात साडेपाचच्या सुमारासच तो वर येतो, आणि मासे सर्वांत जोरात उठण्याची पहाटेची वेळ पुण्याच्या सवयीने झोपलेल्या माणसाच्या हातून सहज निसटते.

मासा आणि त्याची साधने

अंदमानला येणारे बहुतेक हौशी लोक ‘जायंट ट्रेव्हॅली’ या माशासाठी येतात. चपट्या अंगाचा, रुंद कपाळाचा आणि चंद्रकोरीसारख्या शेपटीचा हा रुपेरी-करडा मासा १७० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि त्याचे वजन ८० किलोपर्यंत नोंदले गेले आहे. सेशल्स बेटांजवळ हे मासे पाण्यातून उसळून उडत्या पाणपक्ष्यांना गिळतात, हे दृश्य २०१७ च्या ‘ब्लू प्लॅनेट’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातून जगाने पाहिले. त्याला उठवण्यासाठी ‘पॉपर’ वापरतात. पॉपर म्हणजे तोंडाशी वाटीसारखा खोलगट आकार दिलेला लाकडाचा वा प्लास्टिकचा तरंगता मासा. दांडीला झटका दिला की ती वाटी पाणी कापत ‘भुडुक्’ असा खोल आवाज करते आणि मागे बुडबुड्यांची रेघ सोडते, व खाली दबा धरलेल्या माशाला एखादा जखमी मासा तडफडत असल्याचा भास होतो. सुरमई, पिवळ्या पंखांचा कुपा आणि सेलफिश यांच्यासाठी नौका चालती ठेवून मागे आमिष ओढत नेतात, त्याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. तर तांबोशी, हेकरू आणि दातेरी कुपा यांच्यासाठी धातूची लांबट पट्टी तळापर्यंत सोडून झटके देत वर आणतात, त्याला ‘जिगिंग’ म्हणतात.

साधनांच्या बाबतीत एक तत्त्व समजून घेतले की बाकीची निवड सोपी होते. मासा दोरी तोडून जाऊ नये म्हणून रीळावर ‘ड्रॅग’ नावाची घर्षण-चकती असते. ठरवलेल्यापेक्षा जास्त ओढ आली की ती सरकते आणि दोरी सुटू देते. हा ड्रॅग दोरीच्या तुटण्याच्या क्षमतेच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे ३६ किलो ताण सोसणाऱ्या दोरीला ९ ते १२ किलोंवर. प्रवाळाच्या धारेवर विणीव दोरी क्षणात कापली जाते, म्हणून तिच्या टोकाला ‘लीडर’ नावाची जाड, घासणीला टिकणारी काही हात लांबीची एकेरी दोरी जोडतात, आणि या दोन दोऱ्यांमधली गाठ हा संपूर्ण साखळीतला सर्वांत कच्चा दुवा असतो. ती गाठ डोलत्या नौकेवर शिकता येत नाही, पुण्यात घरी बसून शंभर वेळा बांधून पाहावी लागते. फेकीचा सरावही गळ काढून टाकलेल्या पॉपरने मोकळ्या मैदानावर करता येतो. रविवारी सिंहगड चढणाऱ्या पुणेकराला दम कमी नसतो, परंतु भर उन्हात दिवसभर दीडशे-दोनशे ग्रॅमचे आमिष फेकून ओढण्याचा भार पायांवर न पडता खांदे, मनगटे आणि कंबर यांच्यावर पडतो, त्यामुळे महिनाभर आधी त्या स्नायूंचा व्यायाम सुरू करणे हिताचे असते.

नौका, प्रवास आणि मर्यादा

पुण्याहून चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकाता यांपैकी एखाद्या शहरात विमान बदलून पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललेल्या श्री विजयपुरमला, पोहोचता येते. विमानात गळ आणि आमिषे हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ती मोठ्या सामानातच द्यावी लागतात. दांड्या नळकांड्यात बांधाव्यात आणि लांबीची मर्यादा विमान कंपनीला आधी विचारावी, कारण जोडविमानाची कंपनी वेगळी असेल तर नियमही वेगळे निघतात. श्री विजयपुरम, स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि उत्तरेकडील दिगलीपूर अशा ठिकाणांहून समुद्रात जाता येते.

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा नौका आणि तिचे इंधन यांचा असतो, म्हणून भाडे विचारताना दिवसाला किती सागरी मैल जाणे त्यात धरले आहे हे स्पष्ट करून घ्यावे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. छोट्या नौकेवर एका वेळी दोघा-तिघांनाच सुरक्षितपणे फेक करता येते, त्यामुळे गटात चौघांहून अधिक माणसे घेऊन खर्च वाटून घेण्याचा मोह टाळावा. नौकेची नोंदणी आणि परवाना, प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट, बिनतारी संदेशयंत्र, राखीव इंजिन आणि प्रथमोपचार पेटी या पाच गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. उपग्रह-फोन सरकारी परवानगीशिवाय भारतात जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, हे परदेशस्थ नातलगांना आवर्जून सांगावे. खाड्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, म्हणून गुडघाभर पाण्यात उभे राहून गरवण्याची कोकणातील सवय तेथे सोडावी.

कुठे जाऊ नये, हे कुठे जावे याइतकेच महत्त्वाचे आहे. आदिवासी जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये केलेल्या नियमानुसार राखीव क्षेत्रांत प्रवेश निषिद्ध आहे आणि उत्तर सेंटिनेल बेटाच्या आसपासच्या समुद्रातही जाता येत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेले वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत मासेमारी चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत समुद्रकासव, डुगाँग, व्हेल शार्क आणि प्रवाळ यांच्यासोबत जायंट ग्रूपर हा महाकाय हेकरूही आहे. तो गळाला चुकून लागला तर छायाचित्रासाठीसुद्धा नौकेत न घेता दोरी कापून सोडून द्यावा.

सोडण्याची कला

मासा सोडणे म्हणजे त्याला पाण्यात टाकणे नव्हे. तो जगेल अशा अवस्थेत सोडणे हे कौशल्य आहे आणि त्याची तयारी गळ निवडण्यापासूनच सुरू होते. पॉपरवरचे तिहेरी गळ काढून त्याजागी एकेरी गळ लावावेत आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो जबड्यातून क्षणात सुटतो. जिवंत आमिष वापरायचे असल्यास आत वळलेला वर्तुळाकार गळ घ्यावा, कारण तो घशात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हलक्या साधनाने तासभर झुंजवलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि सोडल्यावर तो शार्कच्या तावडीत सापडतो. त्यामुळे जड साधन वापरून झुंज लवकर संपवणे यातच माशाचे हित असते.

खोल पाण्यातील माशांची अडचण याहून वेगळी असते. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. तेथून झटपट वर ओढलेल्या तांबोशी किंवा हेकरूच्या पोटातील वायूची पिशवी चौपट फुगते, डोळे आणि जठर बाहेर येतात, आणि असा मासा सोडला तरी तरंगत राहून मरतो. त्याला वजनाच्या साहाय्याने पुन्हा खोलवर नेऊन सोडण्याची साधने मिळतात, आणि ती नसतील तर एक-दोन माशांनंतर ती जागा सोडणे हाच उपाय उरतो. वर आणलेला मासा ओल्या हातांनी धरावा, कारण कोरडा हात त्याच्या अंगावरचा रोगांपासून वाचवणारा चिकट थर पुसून टाकतो; जबड्याला धरून उभा टांगू नये; आणि छायाचित्र घेणाऱ्याने त्याच वेळी स्वतःचा श्वास रोखून धरावा, म्हणजे मासा किती वेळ श्वासाविना आहे याचे भान आपोआप राहते.

जेवणासाठी एखादा मासा ठेवायचाच असेल, तर तो मध्यम आकाराचा सुरमई किंवा कुपा असावा आणि लगेच बर्फात घालावा, कारण उन्हात राहिलेल्या कुप्यात हिस्टामीन तयार होऊन विषबाधा होते. खडकांवरचे अजस्र मासे न खाण्याला आरोग्याचेही कारण आहे. प्रवाळांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालाचे, ‘सिग्वाटेरा’ नावाची विषबाधा घडवणारे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साचत जाते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. अंड्यांचा सर्वांत मोठा साठा मोठ्या मादीजवळ असतो आणि तिचे मांसच सर्वांत धोक्याचे असू शकते, या दोन्ही गोष्टी तिला सोडून देण्याच्याच बाजूने बोलतात.

वहीचे शेवटचे पान

या सहलीचा अखेरचा टप्पा परतीच्या विमानानंतर येतो. प्रत्येक दिवसाची तारीख आणि तिथी, भरतीची वेळ, ठिकाण, पाण्याची खोली, वापरलेले आमिष, किती जणांनी किती तास गळ टाकला, लागलेल्या प्रत्येक माशाची जात आणि तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी, तो कोणत्या अवस्थेत सोडला, आणि ज्या दिवशी एकही मासा लागला नाही तो दिवसही, एवढे लिहिले की वही पूर्ण होते. रिकाम्या दिवसांची नोंद विशेष मोलाची असते, कारण मासे कमी होत असल्याचे पहिल्यांदा तिथेच दिसते. साइक्स यांनी मुळा-मुठेतला मासा, त्याचे मराठी नाव आणि जागा लिहून ठेवली, म्हणूनच त्या नदीने काय गमावले याचा अंदाज आज बांधता येतो; कावेरीकाठच्या वह्या नसत्या तर तेथील उंच पाठीचा महाशीर कुणाच्या लक्षात न येताच संपला असता. अंदमानच्या खडकांवरचा मासा अजून तेथे आहे, आणि पुण्याहून जाणाऱ्याच्या वहीत फाल्गुन पौर्णिमेच्या रकान्यापुढे त्याची लांबी आणि ‘सोडला’ हा शब्द लिहिला गेला, तर पुढच्या होळीला तिथे जाणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी ती लांबी पडताळून पाहता येईल.